दुसऱ्याच्या नावावरची ड्युटी

माझ्या भाचीला इंग्लंडला पाठवायची सगळ्यात जास्त घाई कोणाला होती, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर एकच आहे: मला. तिला स्वतःला नव्हती. तिच्या आईवडिलांना तर मुलगी पणदऱ्याहून रोज बारामतीला ड्युटीवर जाते, यातच पुरेसं कौतुक होतं. घाई मला होती, आणि ती कशासाठी होती हे स्वतःशी कबूल करायला मला बरेच महिने लागले.

इंदापुरात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. गेली वीस वर्षं मी या भागातल्या लोकांचे वाढदिवस, निवडी, नेमणुका, उद्घाटनं आणि दशक्रिया छापत आलोय. पोलीस भरतीत निवड झालेल्या मुलांचे बोर्ड केलेत, डॉक्टरकीला नंबर लागलेल्या मुलींचे केलेत. एकदा शर्यतीत पहिल्या आलेल्या बैलाचाही केलाय. मध्ये बैल, आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो रांगेनं. आमच्याकडं काही चांगलं घडलं की ते आधी चौकात लागतं, मगच ते घडलंय असं लोक धरतात. इतक्या वर्षांत माझ्या स्वतःच्या घरातलं कोणी बोर्डावर गेलं नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाही. धाकट्या बहिणीची ही मुलगी लहानपणी प्रत्येक सुट्टीत आमच्याकडं असायची. ती नर्स झाली तेव्हा मला बोर्ड करायचा होता, पण तीच म्हणाली, "मामा, नर्स तर सगळ्याच होतात. राहू द्या."

बीएस्सी नर्सिंग करून ती बारामतीतल्या एका खाजगी दवाखान्यात लागली. सहा वर्षं तिनं अतिदक्षता विभागात काम केलं. परदेशात नर्स म्हणून थेट जायचा रस्ता तिला माहीत होता. आधी इंग्रजीची परीक्षा, मग नर्सिंगची, मग तिकडच्या हॉस्पिटलची मुलाखत. जमलं तर ते हॉस्पिटल स्वतःच नर्स म्हणून बोलावून घेतं. वेळ लागतो, पण गेलेली बाई नर्स म्हणून जाते. तिनं इंग्रजीची परीक्षा दिली आणि लेखनाच्या पेपरात थोडक्यात राहिली. पुन्हा बसणार होती. ड्युटीवरून येताना एसटीत निबंध लिहायची. हादऱ्यांमुळं अक्षर असं यायचं की बहीण म्हणायची, "आता डॉक्टरच व्हनार ही."

अशात माझ्या एका गिऱ्हाइकानं तिचा विषय काढला. त्याचं बारामतीत परदेशी शिक्षणाचं सल्ला केंद्र होतं. आम्ही सगळे त्याला सर म्हणायचो. माणूस टापटिपीचा. बोर्ड छापायला जाण्याआधी तो प्रत्येक ओळ तीनदा वाचायचा, एवढासा अनुस्वार राहिला तरी दाखवायचा. बाकीची गिऱ्हाइकं फक्त आपला फोटो शेजारच्यापेक्षा मोठा आहे ना एवढंच बघतात. इतकं बारीक बघणारा माणूस कोणाला फसवणार नाही, असं मी धरून चाललो. मला माणसांची पारख तेवढीच होती.

"भाची अजून इथंच?" तो म्हणाला.

"इंग्रजीचा पेपर राहिलाय, सर."

"अहो, नर्सच्या दारानं जायचं तर पेपर. स्टुडंट व्हिसाच्या दारानं जा. बारावीच्या इंग्रजीच्या मार्कांवर कॉलेज घेतंय. एक वर्षाचा कोर्स. पोचल्यावर आठ दिवसांत केअर होममध्ये लागेल, तिथनं आपोआप नर्स. आमच्या कितीतरी मुली गेल्या."

आपोआप म्हणजे कसं, हे मी विचारायला हवं होतं. बोर्डाच्या कोपऱ्याला भोक पाडून कडी बसवायची तरी मला चार प्रश्न पडतात. इथं एकही पडला नाही.

भाचीला मात्र पडले. "मामा, हा कोर्स नर्सिंगचा नाहीये. आरोग्य सेवेच्या मॅनेजमेंटचा आहे. तो करून मी तिथं नर्स कशी होणार?"

"एकदा तिथं पाय तर ठेव. पुढचं पुढं बघता येतं."

"आणि परीक्षा तर तिथं गेल्यावरही द्यावीच लागेल की."

"मग तिथं दे. इंग्रजांच्यात राहून इंग्रजी सुधारेल का एसटीत बसून?"

यावर ती हसली. मी ते होकार समजलो. पुढचे दोन महिने मी तिच्या मागंच लागलो, बहिणीच्या मागं लागलो, दाजींच्या गोठ्यात उभं राहून त्यांनाही पटवलं. तिची सहा वर्षांची बचत त्यात गेली. मी सरांकडून कमिशन घेतलं नाही, हे मी पुष्कळ दिवस स्वतःला अभिमानानं सांगत असे. पण त्याच्या केंद्राचे सगळे बोर्ड तेव्हापासून माझ्याकडं यायला लागले, हे मी सांगत नसे.

व्हिसा आला त्या दिवशी मी दुकानात बसून तिचा बोर्ड केला. तिच्याकडं चांगला फोटो नव्हता म्हणून ओळखपत्रावरचा चेहरा घेतला आणि दुसऱ्याच कुठल्या तरी पांढऱ्या कोटावर बसवला. गळ्यात स्टेथोस्कोप दिला. मागं लंडनचं ते मोठं घड्याळ. वर लिहिलं, "इंग्लंड येथे स्टाफ नर्सपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन". बायको चहा घेऊन आली होती. ती स्क्रीनकडं बघत राहिली.

"व्हिसावर काय लिहिलंय?"

"विद्यार्थी."

"मग हे काय लिहिताय?"

"अगं, अठ्ठावीस वर्षांच्या पोरीचं विद्यार्थिनी म्हणून अभिनंदन कसं दिसेल?"

"आहे तसं दिसेल," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

खाली शुभेच्छुकांच्या रांगेत पहिला फोटो माझा होता. दाजींचा तिसरा. पणदऱ्याच्या चौकात आणि इंदापुरात माझ्या दुकानासमोर, असे दोन बोर्ड लागले. गावात सत्कार झाला, शाल, श्रीफळ, फेटा. भाचीला फेटा मोठा होत होता, सारखा कपाळावर येत होता. एका हातानं तो वर ढकलत ती माझ्या कानाशी म्हणाली, "मामा, आता तर परत यायची सोयच ठेवली नाही तुम्ही." मी हे भाषणातसुद्धा सांगितलं. लोक हसले. सरही आले होते. त्यांनी तेच डिझाइन मागून घेतलं आणि बारामतीत त्यांच्या केंद्राच्या बोर्डावर तिचा फोटो गेला. मीच छापून दिला.

सप्टेंबरात ती गेली. पहिले चार महिने फोनवर सगळं बरं होतं. थंडी आहे, घरात पाच मुली आहेत, केअर होममधले म्हातारेकोतारे चांगले आहेत. नर्स कधी होणार असं मी दर फोनला विचारायचो आणि ती म्हणायची, "बघू, मामा." तिच्या मागं नेहमी एकच भिंत दिसायची. मी बहिणीला म्हणायचो, पोरगी कामात आहे.

मग एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. तिकडं सकाळ होती. मी एका वाढदिवसाच्या बोर्डात होतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं, फोन खांद्याला दाबून मी माऊस चालवत होतो. त्या दिवशी ती पहिल्यांदा सगळं सरळ बोलली.

विद्यार्थ्याला तिथं कॉलेज चालू असताना आठवड्याला ठरावीकच तास काम करता येतं. तेवढ्यात खोलीचं भाडं आणि जेवण कसंबसं निघतं. नर्सचं काम ती करूच शकत नव्हती. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं हे तिचं काम. या कामाची तिला लाज नव्हती. पण औषधाच्या गोळीला हात लावायची तिला परवानगी नव्हती, आणि सहा वर्षं व्हेंटिलेटर सांभाळलेल्या बाईला ते जड जात होतं. आपोआप नर्स होणं वगैरे तिथं कोणी ऐकलंही नव्हतं. त्या कोर्सचा नर्सच्या नोंदणीशी काही संबंध नव्हता. त्यात, कोर्स अर्धवट सोडला की व्हिसाही जाणार. आणि आता कामं वाटणाऱ्या बाईनं तिला सुचवलं होतं की जास्तीच्या ड्युट्या कर, पण घरातल्या दुसऱ्या मुलीच्या नावावर. त्या मुलीचा व्हिसा कामाचा होता. हजेरीवर नाव तिचं, काम हिचं, पैसे रोख.

"सापडलं तर?" मी विचारलं.

"सापडलं तर व्हिसा रद्द. परत पाठवतात, पुन्हा येऊ देत नाहीत. आणि पुढं नर्स म्हणून नोंदणी करताना आधीचं सगळं विचारतात, मामा. ते कायमचं नावाला लागतं."

"बाकीच्या मुली करतात का?"

"करतात काही जणी."

समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "तात्या, माझा फोटो जरा गोरा करा की." मी माऊस फिरवला आणि फोनवर बोललो. काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हणालो, "सगळेच करतात तर काढ की थोडे दिवस. कोण बघतंय? आता अशी मधूनच परत आलीस तर गावाला काय तोंड दाखवायचं?"

ती म्हणाली, "बरं मामा." आणि फोन ठेवला.

तिनं मला विचारलं, याचा अर्थ मी नको म्हणावं असा होता, हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. पण मी त्या वेळी तिचा विचार करतच नव्हतो. मी चौकाचा विचार करत होतो. दुकानासमोर अजून तो बोर्ड होता, उन्हानं तिचा चेहरा फिकट झाला होता, पण माझी ओळ वाचता येत होती.

त्यानंतर अकरा दिवस तिचा फोन आला नाही. मी केला तर उचलायची नाही, नुसता निरोप लिहायची, "कामात आहे". कामात आहे म्हणजे तिनं माझं ऐकलं, असं मी समजलो, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. रोज सकाळी उठलो की पहिला विचार तोच: आज कोणाच्या नावावर गेली असेल?

याच दिवसांत सुप्याहून एक गृहस्थ दुकानात आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. बारामतीच्या केंद्रात भाचीचा फोटो बघून, तिथं चौकशी करून, मामा इंदापुरात आहेत हे शोधत आले होते. त्यांची मुलगीही नर्स होती.

"आमच्या पोरीचं जायचं चाललंय. म्हटलं, स्वताच्या कानानं ऐकावं. तुमची भाची तितं नर्सच हाय न्हवं?"

माझ्या मागं भिंतीला तिच्या बोर्डाचा छोटा नमुना चिकटवलेला होता. मी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "हो. नर्सच आहे."

"व्हय का? बरं झालं. जीवाला बरं वाटलं." त्यांनी पिशवीतून चार डाळिंबं काढून टेबलावर ठेवली आणि ते गेले. ती डाळिंबं मी खाल्ली नाहीत. बायकोनं विचारलं कोणी दिली, तर मी म्हणालो, एका गिऱ्हाइकानं.

बाराव्या दिवशी बहिणीचा फोन आला.

"दादा, पोरगी येतीय. परवा मुंबईला उतरनार हाय. तू जातोस का आनायला? ह्यांला तितलं काय कळनार न्हाय."

"येतेय म्हणजे? का येतेय? काही झालं का?"

"काय व्हनार? आपली आपन येतीय म्हनली. कायमची म्हनली. मी म्हटलं ये. तुला काय ठाव हाय का?"

"नाही," मी म्हणालो. हे त्या महिन्यातलं माझं तिसरं खोटं.

मुंबईला जाताना गाडीत मी एकटा होतो. सहा तास माझ्या डोक्यात एकच होतं की ती सापडली. पकडून परत पाठवलं आणि आईला सांगता येत नाही म्हणून आपली आपण येतेय म्हणतेय. तिचं नर्स होणं संपलं, इथं तिला दवाखान्यात घेतीलही, पण ती जी परीक्षा एसटीत बसून करत होती ती आता कधीच करता येणार नाही, आणि हे माझ्या एका वाक्यानं झालं. गिऱ्हाइकाचा फोटो गोरा करता करता मी ते वाक्य बोललो होतो. विमानतळावर सकाळी अकराच्या सुमारास ती बाहेर आली. दोन बॅगा, केस कापलेले, वाळलेली. पाया पडायला वाकली तर मी तिला मधेच धरलं.

"खाल्लंय का काही?"

"झोप येतेय, मामा."

ती मागच्या सीटवर झोपली ती पुणं ओलांडेपर्यंत. मी आरशातून बघत होतो. हडपसरच्या गर्दीतही ती उठली नाही. यवतच्या पुढं एका ढाब्यावर मी गाडी थांबवली तेव्हा उठली, तोंड धुतलं, मिसळ मागवली आणि भराभर खाल्ली. दुसरा पाव मागितला. मी तो पाव येईपर्यंत थांबलो.

"किती दिवस केलंस?" मी विचारलं.

"काय?"

"ते. दुसऱ्याच्या नावावरचं."

तिनं पावाचा तुकडा तसाच हातात ठेवला. "मी नाही केलं, मामा."

"एकही दिवस?"

"एकही नाही. तुम्हाला काय वाटलं, मला हाकललं?" आणि ती हसायला लागली. "म्हणून विमानतळावर असा चेहरा होता होय! मला वाटलं घरी कोण गेलं का काय."

मी उठून नळावर गेलो. बराच वेळ तोंड धूत राहिलो. ढाब्यावरचा माणूस म्हणाला, "काका, पाणी जरा जपून, टँकरचं हाय." मी परत आलो तेव्हा तिनं माझ्या ताटलीतली शेव खायला घेतली होती.

मग तिनं सांगितलं. माझ्याशी बोलून तिनं फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्या ड्युटीवर जायचं असं ठरवलंही होतं. पण निघायच्या आधी तिनं तिच्या जुन्या इन्चार्ज सिस्टरना फोन केला. बारामतीच्या दवाखान्यात या बाईंच्या हाताखाली ती सहा वर्षं होती, आणि पहिलं वर्ष तर रोज त्यांच्या शिव्या खाऊन रडायची. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मला सांग, तू माझ्याकडं असताना दुसऱ्या नर्सनं दिलेल्या औषधावर कधी तुझी सही केलीस का?"

नर्सचं काम माहीत नसलेल्यांसाठी लिहितो, कारण मलाही हे तेव्हाच कळलं. पेशंटला औषध दिलं की चार्टवर जिनं दिलं तिनंच सही करायची. मैत्रीण कितीही घाईत असो, तिच्या वतीनं करायची नाही, आणि आपण दिलेल्यावर तिची घ्यायची नाही. काही चुकलं तर कोणाला विचारायचं, हे त्या सहीवरून कळतं. भाचीनं पहिल्याच वर्षी एकदा मैत्रिणीसाठी अशी सही केली होती. बाईंनी तो चार्ट तिच्यासमोर धरून अख्ख्या वॉर्डात तिला उभं केलं होतं.

"त्या म्हणाल्या, तिथं रात्री एखादी म्हातारी पडली आणि हजेरीवर दुसरीचं नाव असलं, तर तू तिच्याजवळ होतीस हे कोण मानणार? आणि तू नव्हतीस हे तरी कोण मानणार? परत ये, म्हणाल्या. आलीस तर काय होईल? लोक दोन महिने बोलतील. मी तर तुला सहा वर्षं बोलले, मेलीस का?"

"मग तू अकरा दिवस फोन का नाही उचलला?"

"कॉलेजला कळवायचं होतं, नियमानं सगळं बंद करायचं होतं. व्हिसा असताना, स्वतःहून निघाले असं कागदावर यायला पाहिजे होतं. आणि तुमचा फोन घेतला असता तर तुम्ही परत पटवलं असतं." तिनं माझी ताटली आणखी जवळ ओढली. "तुम्ही फार छान पटवता, मामा. गोठ्यात उभं राहून बाबांना पटवलंत."

मी माफी मागायची म्हणून मुंबईपर्यंत वाक्यं जुळवत गेलो होतो. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. मी म्हणालो, "चुकलो गं."

"हो," ती म्हणाली. "चहा सांगा."

पाटसला हायवे सोडून आम्ही बारामतीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा ती पुढच्या सीटवर येऊन बसली होती. उसाच्या ट्रॉल्या पुढं चाललेल्या, ओव्हरटेक करता येत नव्हतं, आणि मला घाईही नव्हती. पोरगी शेजारी बसली होती, तिच्या नावाला काही लागलेलं नव्हतं, आणि ती तिच्या त्या घरातल्या पाच जणींत भांडी कोण घासायचं यावरून झालेली भांडणं सांगत होती.

पणदऱ्याला बहिणीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. जेवणं झाल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं की तिनं विचारलं होतं आणि मी तिला ते काम कर म्हणून सांगितलं होतं. दाजी जमिनीकडं बघत राहिले. बहीण माझ्याकडं बघत राहिली.

"तू सांगितलंस कर म्हनून?"

"हो."

"आनि हिनं तुजं ऐकलं न्हाय?"

"नाही."

"बरं झालं माय," बहीण म्हणाली. "तुजं ऐकून मी एकदा नव्या मशीनवर ब्लाऊज शिवाय टाकला हुता, त्यो अजून पेटीत हाय. एका हाताचा." दाजी हसले. मग ती उठली आणि आत गेली. आत ती रडली असणार, कारण बाहेर आली तेव्हा पदर ओला होता. मला त्यानंतर ती एक शब्दही टोचून बोलली नाही. मला बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सुप्याला गेलो. त्या गृहस्थांचं घर शोधायला वेळ लागला नाही. मी ओट्यावर बसून सांगितलं की माझी भाची तिथं नर्स नव्हती, ती विद्यार्थी म्हणून गेली होती आणि काल परत आली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्या दिशी का न्हाय सांगितलं?"

"लाज वाटली," मी म्हणालो.

"तुमच्या लाजंपायी माजी पोरगी गेली असती की वो." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यामुळंच ते ऐकणं कठीण गेलं. मुलीचा अर्ज अजून कॉलेजला गेलेला नव्हता. कागद केंद्रातच होते. त्यांनी मला पाणी दिलं, चहा दिला नाही. मी उठताना आतून मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "ताईंचा नंबर द्याल का? थेट जायचं कसं ते विचारायचंय." मी दिला. हे मला एवढं हलकं करून गेलं की मी गाडी सुरू करायची विसरून नुसताच स्टेअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. ते गृहस्थ बाहेर येऊन म्हणाले, "बंद पडली का काय? ढकलू का?"

बारामतीच्या केंद्रावरचा फोटो मी स्वतः जाऊन उतरवला. सर म्हणाले, "अहो, एकीचं जमलं नाही म्हणून काय झालं? तिचीच चिकाटी कमी पडली." मी शिडीवर होतो, त्यामुळं उत्तर द्यायची गरज पडली नाही. त्यांचं काम मी सोडलं. ते आता दुसरीकडून छापून घेतात. मी सोडल्यानं त्यांचं काही बिघडलं नाही, हेही लिहायला हवं. गावात लोक बोलले, आठ-पंधरा दिवस. "लंडन पावलं न्हाय वाटतं," एवढंच. मग कारखान्याच्या हंगामाचं काहीतरी निघालं आणि आम्ही मागं पडलो. ज्या तोंड दाखवण्याला मी भ्यालो होतो, ते इतकं थोडं होतं.

इन्चार्ज बाईंनी तिला त्याच वॉर्डात परत घेतलं. ती पुन्हा एसटीत निबंध लिहिते. परीक्षा कधी आहे हे मी विचारत नाही. तिनं आपण होऊन सांगितलं तर ऐकतो.

मागच्या आठवड्यात बहिणीनं दिलेला डबा पोचवायला मी दवाखान्यात गेलो होतो. ती निळ्या ड्रेसमध्ये एका म्हाताऱ्या पेशंटच्या उशाशी उभी होती. इंजेक्शन दिलं, चार्ट घेतला, वेळ बघितली, सही केली. मी डबा पुढं केला आणि म्हणालो, जरा बोलायचं होतं. त्या दिवशी फोनवर जे बोललो त्याबद्दल नीट एकदा बोलावं, असं अजून मनात होतं.

पलीकडच्या खाटेवरून कोणीतरी ओरडलं, "सिस्टर, सलाईन संपलं!"

"आले," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "मामा, राऊंडची वेळ झालीय. नातेवाइकांना इथं थांबता येत नाही. बाहेर जा बघू."

मी बाहेर गेलो.